माती मालकाची, मजूर कोणाचा?

पुनरुज्जीवक सेंद्रिय द्राक्षशेती आणि मजूरकल्याण : एक आढावा

शेतमजुरांच्या पाठीचा विचार करून कॅलिफोर्निया राज्याने २००४ मध्ये एक नियम केला. लांब दांड्याच्या अवजाराने जे तण काढता येते, ते मजुराला दिवसभर वाकवून हाताने काढायला लावायचे नाही. या नियमाला पार्श्वभूमी होती. आखूड दांड्याच्या खुरप्याने काम करून करून मजुरांचे मणके कायमचे निकामी होतात म्हणून याच राज्याने १९७५ मध्ये त्या अवजारावर बंदी आणली. तेव्हा काही मालकांनी अवजारच काढून घेतले आणि मजुरांना नुसत्या हातांनी तण उपटायला लावले. ही पळवाट बुजवण्यासाठी २००४ चा नियम आला, पण त्यातून सेंद्रिय शेती वगळली गेली. तणनाशक वापरायचे नाही तर हात लागणारच, हे सेंद्रिय उत्पादकांचे म्हणणे सरकारने मान्य केले.

ग्राहक ज्या शेतीला सगळ्यात स्वच्छ समजून जास्त पैसे मोजतो, तिलाच मजुराच्या कंबरेबाबत सवलत मिळाली. सेंद्रिय शेती वाईट, असा याचा अर्थ नाही. पण माती आणि ग्राहकाचे ताट सुधारले की शेतात राबणाऱ्याचे आपोआप भले होते, या समजुतीला इथे तडा जातो. गेल्या काही वर्षांत जगभरच्या द्राक्षबागांमध्ये पुनरुज्जीवक सेंद्रिय शेतीचा बोलबाला आहे आणि तिने मजूरकल्याण आपल्या व्याख्येतच घातले आहे. त्या दाव्यातले काय टिकते, काय टिकत नाही आणि आपल्याकडच्या द्राक्षपट्ट्याने त्यातून काय घ्यावे, हे या लेखात पाहू.

कायद्यातून सुटलेला माणूस

अमेरिकेत १९३५ चा कामगार संबंध कायदा झाला तेव्हा शेतमजूर त्यातून वगळले गेले. किमान वेतन आणि जादा कामाच्या मोबदल्याचा १९३८ चा कायदा आला, त्यातही त्यांना जागा नव्हती. कारखान्यातल्या कामगाराला संघटना बांधण्याचे जे संरक्षण मिळाले ते मळ्यातल्या कामगाराला मिळाले नाही. म्हणून द्राक्षमजुरांनी ते रस्त्यावर येऊन मिळवले.

८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे लॅरी इट्लिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर द्राक्षबागांतून बाहेर पडले. आठवडाभरात सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. संप आणि पाठोपाठ देशभर द्राक्षांवरचा बहिष्कार असा हा लढा पाच वर्षे चालला. जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मोठ्या बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या. त्या करारांत मजुरीबरोबर फवारणीचीही कलमे होती आणि डीडीटीसारख्या कीटकनाशकांवर बंधने होती. अमेरिकी सरकारने डीडीटीवर देशभर बंदी घातली ती १९७२ मध्ये. म्हणजे विषमुक्त द्राक्षांची मागणी ग्राहकांच्या चळवळीइतकीच मजुरांच्या चळवळीतूनही आली होती. पुढे १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा स्वतंत्र कायदा केला. १९८८ मध्ये चावेझ यांनी द्राक्षांवरील कीटकनाशकांच्या प्रश्नावर ३६ दिवसांचे उपोषण केले.

मात्र १९९० मध्ये अमेरिकेचा सेंद्रिय कायदा झाला आणि २००२ पासून त्याचे निकष लागू झाले, तेव्हा हा धागा तुटला. कोणते खत चालेल, कोणते चालणार नाही, जमीन किती वर्षे रसायनांपासून मुक्त हवी, हे त्यात तपशिलाने आहे. फवारणारा कोण, त्याला किती मजुरी मिळते, तो कुठे झोपतो याबद्दल त्यात काही नाही. सेंद्रिय चळवळींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ मध्ये आरोग्य, पर्यावरण, न्याय आणि काळजी अशी चार तत्त्वे स्वीकारली. त्यातल्या ‘न्याय’ या तत्त्वात मजूर येतो. पण तत्त्वाची तपासणी होत नाही, नियमाची होते.

तिसरा खांब

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न २०१७ मध्ये सुरू झाला. रोडेल इन्स्टिट्यूट ही जुनी सेंद्रिय संशोधन संस्था, पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी आणि डॉ. ब्रॉनर्स ही साबणाची कंपनी यांनी पुढाकार घेऊन रिजनरेटिव्ह ऑरगॅनिक अलायन्स स्थापन केली. तिचे प्रमाणपत्र तीन खांबांवर उभे आहे: मातीचे आरोग्य, प्राण्यांचे कल्याण, आणि शेतकरी व मजूर यांना न्याय. सरकारमान्य सेंद्रिय प्रमाणपत्र आधी हातात असावे लागते. त्यावर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या आहेत. तिसऱ्या खांबाखाली सक्तीच्या मजुरीला मनाई, संघटना करण्याचे स्वातंत्र्य, सुरक्षित कामाची जागा, प्रशिक्षण आणि स्थानिक खर्चावरून काढलेल्या जगण्यालायक वेतनाकडे वाटचाल अशा गोष्टी येतात. नावात ‘शेतकरी’ही आहे, कारण लहान शेतकऱ्याला रास्त भाव आणि दीर्घ मुदतीची खरेदी मिळाल्याशिवाय तो मजुराला काय देणार, हे या चळवळीने ओळखले. तिच्या सुरुवातीच्या प्रयोगांत भारतातले लहान कापूस उत्पादक होते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

द्राक्षबागांमध्ये हे प्रमाणपत्र सर्वात आधी मिळवले ते २०२० मध्ये, कॅलिफोर्नियातील पासो रोबल्स भागातल्या टॅब्लास क्रीकने. पुढे मेंडोसिनोची बॉन्टेरा, ऑरेगॉनची ट्रून, नापाची गर्गिच हिल्स, अर्जेंटिनातील डोमेन बुस्के अशी नावे यादीत आली. आच्छादन पिके, कंपोस्ट, कमीत कमी नांगरट, वेलींच्या ओळींमधून चरणाऱ्या मेंढ्या असे या बागांचे चित्र आहे. वाइनच्या बाटलीवर ते सुंदर दिसते. मजुराच्या बाजूने मात्र त्याचे हिशेब चार जागी मांडावे लागतात: श्वास, पाठ, ऊन आणि पगारपत्रक.

विष गेले, गंधक राहिले

सर्वात निःसंशय फायदा श्वासाचा आहे. पॅराक्वाट, ग्लायफोसेट आणि मज्जासंस्थेवर परिणाम करणारी ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशके सेंद्रिय बागेत येत नाहीत. रसायनांची किंमत शेतकऱ्याला काय मोजावी लागते याचा फ्रान्सचा अनुभव बोलका आहे. तिथे वेलींच्या खोडरोगावर आर्सेनिकचे संयुग २००१ पर्यंत वापरात होते. कीटकनाशकांच्या संपर्कातून होणारा पार्किन्सन हा शेतीतला व्यावसायिक आजार म्हणून २०१२ मध्ये मान्य झाला. ही रसायने ज्या बागेत नाहीत तिथला मजूर एका मोठ्या धोक्यातून सुटतो, यात वाद नाही.

पण सेंद्रिय बाग फवारणीविना चालत नाही. भुरी आणि डाऊनी हे बुरशीचे रोग सेंद्रिय शेतकऱ्यालाही सोडत नाहीत, आणि त्याच्या हातात गंधक आणि तांबे ही दोन जुनी औषधे उरतात. वजनाने मोजले तर कॅलिफोर्नियात शेतीत सर्वाधिक वापरले जाणारे कीटकनाशक गंधकच आहे. ते सेंद्रिय आणि रासायनिक दोन्ही बागांत चालते. त्याची भुकटी डोळ्यांना, कातडीला झोंबते हे मजुरांना कधीपासून माहीत होते. सालिनास खोऱ्यातील शेतमजुरांच्या मुलांवर बर्कलीच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घराजवळच्या शेतांत गंधकाचा वापर जितका जास्त, तितकी मुलांच्या फुफ्फुसांची क्षमता कमी आणि दम्यासारखी लक्षणे जास्त, असे त्यात आढळले. तांब्याची गोष्ट आणखी जुनी आहे. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे फवारणाऱ्या पोर्तुगालमधील मजुरांच्या फुफ्फुसांचा आजार डॉक्टरांनी १९६९ मध्ये नोंदवला आणि त्याला ‘द्राक्षबागेत फवारणाऱ्याचे फुफ्फुस’ असेच नाव पडले. युरोपीय संघाने तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, पण ती मुख्यतः मातीतले जीव वाचवण्यासाठी.

तेव्हा सेंद्रिय म्हणजे फवारणाऱ्याला निर्धोक, असे गृहीत धरता येत नाही. भुकटीऐवजी पाण्यात मिसळणारे गंधक, फवारणीनंतर बागेत शिरण्याआधीचा ठरलेला काळ, नाकावर नीट बसणारा मास्क, कपडे धुण्याची सोय आणि रोगाला दाद न देणारी वाणे या गोष्टी लेबल लागल्यावरही तितक्याच लागतात. पाने विरळ ठेवून वेलीत हवा खेळती ठेवली तर फवारण्या कमी होतात. पण पाने काढायला पुन्हा हातच लागतात. इथून दुसरा हिशेब सुरू होतो.

पाठ आणि ऊन

तणनाशक बंद झाले की तणाचा भार यंत्रावर, जनावरावर किंवा माणसावर जातो. जिथे तो माणसावर येतो तिथे सेंद्रिय शेती मजुराला महाग पडते. पुनरुज्जीवक पद्धतीने यावर काढलेला तोडगा खरोखर उपयोगी आहे. हिवाळ्यात मेंढ्या ओळींमधले गवत खातात, आच्छादन पिके तणाला डोके वर काढू देत नाहीत आणि नांगरट कमी झाल्याने धूळही कमी उडते. कॅलिफोर्नियातील पायसीनेस रँचवर वेलींचा मांडव मुद्दाम उंच बांधला आहे, म्हणजे मेंढ्या हंगामातही खाली चरू शकतात आणि खोडावरची फूट त्याच खुडतात. जे काम मजूर वाकून करायचा ते मेंढी करते.

तरीही पाठीच्या प्रश्नाचे सगळ्यात साधे उत्तर मातीच्या शास्त्रातून आलेले नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी वाइन-द्राक्षांच्या काढणीत टबाचे वजन मोजले. भरलेला टब साधारण ५७ पौंडांचा, म्हणजे सुमारे २६ किलोंचा होता. टब थोडा लहान करून वजन ४६ पौंडांवर, सुमारे २१ किलोंवर आणले, तेव्हा मजुरांच्या पाठदुखीच्या तक्रारी स्पष्टपणे घटल्या आणि काढणीचा वेग फारसा पडला नाही. पाच किलोंच्या फरकाला ना प्रमाणपत्र लागते ना तत्त्वज्ञान. कोणीतरी मजुराला ‘कुठे दुखतं?’ एवढे विचारावे लागते.

उन्हाबाबतही असेच झाले. द्राक्षे काढताना मजुरांचे मृत्यू झाले, त्यानंतर २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने बाहेर काम करणाऱ्यांसाठी उष्णतेचे नियम केले. अमेरिकेतले असे ते पहिले राज्य. आजच्या नियमांनुसार सुमारे २७ अंशांपुढे सावली उपलब्ध हवी, पाणी जवळ हवे, ३५ अंशांवर जास्तीची देखरेख हवी. नियम असूनही २००८ मध्ये एक १७ वर्षांची गर्भवती मुलगी द्राक्षबागेत उन्हाने कोसळून दगावली. तिला कामावर आणले होते मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने. आता बऱ्याच ठिकाणी रात्री दिव्यांच्या प्रकाशात काढणी होते. द्राक्षे थंड राहतात, मजूर उन्हातून वाचतो, पण त्याची झोप आणि घरच्या मुलांची व्यवस्था कोलमडते. २०२० च्या वणव्यांत सोनोमामध्ये, जिथून रहिवाशांना बाहेर काढले होते, त्या भागांत द्राक्षकाढणीसाठी मजुरांना परवाने देऊन पाठवले गेले. धुरात काम करण्याचे नियम २०१९ पासून होते, पण मिश्तेको आणि इतर आदिवासी भाषा बोलणाऱ्या मजुरांपर्यंत त्यांच्या भाषेत ते पोचत नाहीत, ही स्थानिक संघटनांची तक्रार होती. धोक्याचा भत्ता आणि स्वतःच्या भाषेत प्रशिक्षण या त्यांच्या मागण्या मातीच्या कोणत्याही परीक्षेत येत नाहीत.

स्त्रियांचा प्रश्न याहून दबलेला आहे. विरळणी, पाने काढणे, बांधणी या कामांत त्या मोठ्या संख्येने असतात. शेतमजूर स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांवर ह्यूमन राइट्स वॉचने २०१२ मध्ये अमेरिकेतून अहवाल काढला. मुकादमाच्या हातात उद्याचे काम असते, म्हणून तक्रार होत नाही, हे त्यातले मुख्य सूत्र आहे. वेगळे स्वच्छतागृह ही तपासता येणारी गोष्ट आहे. मुकादमाची भीती तपासणीच्या यादीत कशी मांडायची, हे अजून कोणाला नीट जमलेले नाही.

पगारपत्रकावर कोणाचे नाव?

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. वेलीचे काम वर्षभर सारखे नसते. कॅलिफोर्नियात जानेवारी ते मार्च छाटणी, वसंतात फुटवे काढणे, उन्हाळ्यात पाने विरळ करणे, ऑगस्ट ते ऑक्टोबर काढणी. मध्ये मध्ये काम आटते. ही ओढाताण मालक स्वतःवर घेत नाही. ठेकेदाराला फोन जातो आणि टोळी येते. काढणीच्या दिवशी बागेत राबणारी माणसे कागदोपत्री बागेची नसतात. प्रमाणपत्र बागेला असते, मजूर ठेकेदाराचा असतो आणि तक्रार दोघांच्या मध्ये पडून राहते.

पुनरुज्जीवक शेतीची खरी सामाजिक ताकद इथे वापरता येते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. मेंढ्या सांभाळणे, कंपोस्ट लावणे, आच्छादन पिके पेरणे, झाडे-झुडपांच्या पट्ट्या राखणे या कामांनी मोकळे महिने भरतात. पाणी कुठे मुरते, कोणत्या ओळीत भुरी आधी दिसते, कोणत्या खोडाला कशी छाटणी मानवते, हे रोज बागेत असणाऱ्या माणसालाच कळते. कमी फवारून बाग टिकवायची तर असे जाणकार डोळे लागतात. त्यामुळे बाराही महिने पगारावर असलेले लहान, कुशल पथक ठेवणे मालकाच्याही हिताचे ठरते. कायम माणसाला आरोग्यविमा देता येतो, त्याला शिकवण्यावर केलेला खर्च वाया जात नाही आणि तो ‘हे चुकतंय’ असे सांगण्याची हिंमत करू शकतो.

पण हे आपोआप होत नाही. उंच मांडव आणि मेंढ्यांमुळे मजूर कमी लागले, तर त्याचा फायदा कायम नोकरीत वळवायचा की फक्त मजुरीची बचत म्हणून खिशात घालायचा, हे मालक ठरवतो. कॅलिफोर्नियात वाइनची बहुतेक द्राक्षे आज यंत्राने काढली जातात. हाताने काढणी प्रामुख्याने महागड्या बागांत उरली आहे, आणि पुनरुज्जीवक प्रमाणपत्र मिळवणाऱ्या बऱ्याच बागा त्याच गटातल्या आहेत. काढणीच्या सहा-आठ आठवड्यांची गरज त्यांनाही बाहेरच्या हातांनी भागवावी लागते.

कायद्याने यात काही भर घातली आहे. २०१६ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातील शेतमजुरांना आठ तासांपुढच्या कामाचा दीडपट मोबदला टप्प्याटप्प्याने मिळू लागला. मोठ्या मालकांना ही अट २०२२ पासून, लहानांना २०२५ पासून पूर्ण लागू झाली. टबामागे मजुरी घेणाऱ्याला विश्रांतीच्या वेळेचे वेगळे पैसे देणे २०१६ पासून बंधनकारक आहे. मात्र जादा मोबदला टाळण्यासाठी काही मालकांनी तासच कमी केले आणि हातात पडणारी रक्कम घटली, अशी मजुरांची तक्रार आहे. त्यात अमेरिकेतल्या पीक-मजुरांपैकी सुमारे चाळीस टक्के लोकांकडे वैध कागदपत्रे नाहीत. २०२५ च्या उन्हाळ्यात व्हेंचुरा कौंटीच्या शेतांवर छापे पडले, तेव्हा लोक कामावर यायला घाबरू लागले. ज्याला शेतात दिसण्याचीच भीती आहे तो तक्रारपेटीत चिठ्ठी टाकणार नाही. हंगामी व्हिसावर येणाऱ्याला राहायची जागा मालकाने द्यावी लागते. पण व्हिसा त्या एकाच मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे नोकरी सोडली तर देशही सोडावा लागतो.

यावर जे उपाय चालले ते एकेकट्या बागेचे नाहीत. नापा कौंटीत द्राक्षबागायतदार एकरामागे स्वतःवर कर लावून घेतात आणि त्यातून मजुरांची तीन निवासस्थाने चालवायला मदत होते. तिथे एकूण १८० खाटा आहेत. ऑरेगॉनमध्ये १९९१ मध्ये वाइन उत्पादक आणि एका रुग्णालयाने मिळून ‘सालुद’ ही योजना सुरू केली. तिचे फिरते दवाखाने बागांपर्यंत जातात, त्यामुळे हंगामी मजुरालाही तपासणी मिळते. मजूर या बागेतून त्या बागेत फिरत असतो. तेव्हा त्याच्यासोबत फिरू शकतील अशाच सोयी त्याच्या उपयोगी पडतात, आणि त्या सगळ्या परिसराने मिळून केल्या तरच होतात.

शॅम्पेन, केप, पुलिया

कॅलिफोर्नियाबाहेरचा अनुभवही ठेकेदाराकडेच बोट दाखवतो. शॅम्पेन प्रदेशात यंत्राने काढणी करायला मनाई आहे, त्यामुळे हंगामाला लाखाच्या वर हात लागतात. सप्टेंबर २०२३ च्या उष्णतेत तिथे काढणी करणाऱ्यांचे मृत्यू झाले. त्याच हंगामात पन्नासहून अधिक मजूर, बहुतेक पश्चिम आफ्रिकेतून आलेले, अत्यंत घाणेरड्या जागेत कोंबलेले आढळले. जुलै २०२५ मध्ये फ्रेंच न्यायालयाने या प्रकरणात मानवी तस्करीबद्दल मजूर पुरवठादाराला कैदेची शिक्षा दिली. हाताने काढलेली द्राक्षे हे तिथल्या प्रतिष्ठेचे लक्षण आहे. ते हात कोणाचे, याची चौकशी न्यायालयाला करावी लागली.

इटलीच्या पुलिया प्रांतात २०१५ च्या जुलैत खाण्याच्या द्राक्षांची विरळणी करताना एका मजूर स्त्रीचा मृत्यू झाला. मधल्या दलालांनी मजुरीचा मोठा वाटा खाल्ल्याचे तपासात उघड झाले आणि त्यातून २०१६ चा दलालीविरोधी कायदा झाला. त्याने दलालासोबत त्याचा फायदा घेणाऱ्या मालकालाही जबाबदार धरले.

दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात प्रश्नाला वसाहतकाळाचे मूळ आहे. मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची ‘डॉप’ पद्धत तिथे पिढ्यानपिढ्या चालली. कायद्याने ती गेली तरी तिच्या खुणा मद्यामुळे गर्भातच बिघडलेल्या आरोग्याच्या रूपाने आजही दिसतात. २०१२ च्या अखेरीस डी डूर्न्सच्या द्राक्षमजुरांनी संप केला. दिवसाला ६९ रँड मजुरी होती, मागणी १५० ची होती आणि मार्च २०१३ पासून १०५ रँड लागू झाले. त्यानंतर अनेक बागांनी कायम मजूर कमी करून हंगामी वाढवले. मजुरी वाढली की कायम नोकरी कमी होऊ शकते, हे तिथे दिसले. म्हणून वेतन आणि नोकरीची खात्री या दोन्ही अटी एकत्र घालाव्या लागतात.

नाशिकचा हिशेब

महाराष्ट्राचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही, कारण नाशिकची द्राक्षे युरोपच्या सुपरमार्केटांत जातात आणि तिथले निकष आपल्या बागांत पोचतात. भाताची, नागलीची कापणी उरकली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून आदिवासी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या बागांकडे येतात. गिरणाऱ्यासारख्या गावात मजुरांचा बाजार भरतो. काम बहुधा उक्ते, एकरावर, टोळीच्या मुकादमामार्फत. गोडी छाटणी, पेस्टिंग, फेलफूट काढणे, विरळणी, जीए (जिबरेलिक आम्ल) या संजीवकात घड बुडवणे, घडांना कागद लावणे आणि शेवटी खुडा असा हंगाम असतो.

यातल्या पेस्टिंगकडे विशेष लक्ष द्यायला हवे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन कातडी भाजते, आणि त्याच्या संपर्काच्या आसपास दारू घेतली तर शरीरात तीव्र प्रतिक्रिया होते. युरोपीय संघाने २००८ मध्ये त्याला मान्यता नाकारली. आपल्याकडे ते बादलीतून, हाताने लावले जाते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा सगळा द्राक्षपट्टा हादरला. त्यानंतर अंश तपासण्याची शिस्त आणखी घट्ट झाली. घडात किती विष उरले हे आज किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशात मोजले जाते. तेच औषध लावणाऱ्याच्या अंगात किती गेले, हे मोजण्याची अशी कोणतीही नियमित व्यवस्था नाही. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा काही काळ चर्चा झाली आणि पुढे विरली.

ग्लोबलगॅपच्या निर्यात-प्रमाणपत्राला मजुरांबाबतची ‘ग्रास्प’ ही जोडपत्रिका युरोपीय खरेदीदार मागतात. हजेरी, वयाचे पुरावे, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह हे त्यात येते. पण इथेही टोळी मुकादमाची असते आणि नोंदवही बागायतदाराची. त्यात नाशिकचा बागायतदार शेकडो एकरांचा मालक नाही. दोन-चार एकरांची बाग, डोक्यावर कर्ज, अवकाळी आणि गारपिटीची टांगती तलवार. बेदाण्याच्या भावात माल विकायची वेळ आली तर मजुराला वर्षभराची नोकरी तो कुठून देणार? म्हणून ‘शेतकरी आणि मजूर’ हे दोन्ही शब्द एकाच खांबावर असणे आपल्याला जास्त लागू पडते. एकट्या बागायतदाराला जे जमणार नाही ते मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्यांना किंवा गावपातळीच्या संस्थांना जमू शकते. टोळी संस्थेच्या पगारपत्रकावर घ्यायची, छाटणीच्या हंगामानंतर तिला कंपोस्ट, आच्छादन पिके, पॅकहाउस यांची कामे द्यायची, पेस्टिंगचे हातमोजे आणि आरोग्य तपासणी संस्थेने पाहायची. सुरगाण्याहून येणाऱ्या कुटुंबाला सहा महिन्यांऐवजी दहा महिने एकाच मालकाकडे काम मिळाले, तर मुलांच्या शाळेचाही विचार करता येईल.

तपासणार कोण?

उरतो प्रश्न पडताळणीचा. मातीतला सेंद्रिय कर्ब प्रयोगशाळेत मोजता येतो आणि तो कोणाला घाबरून चुकीचा आकडा देत नाही. मजूर घाबरतो. निरीक्षक वर्षातून एखादा दिवस येतो, बहुधा कळवून, आणि बऱ्याचदा मजुरांची भाषा न जाणता. त्या दिवशी बागेत असतात ती कायम माणसे. काढणीची टोळी तोवर दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. त्यामुळे तिसऱ्या खांबाची तपासणी मातीच्या वेळापत्रकावर चालवली, तर ती नेमकी सगळ्यात कमजोर माणसाला चुकवते.

याहून चांगला नमुना द्राक्षात नाही, टोमॅटोत आहे. फ्लोरिडातील इमोकली येथील मजूर संघटनेने २०११ पासून राबवलेल्या ‘फेअर फूड’ कार्यक्रमात आचारसंहिता मजुरांनी लिहिली, चोवीस तासांची तक्रारवाहिनी ठेवली, मजुरांनाच हक्कांचे प्रशिक्षण द्यायला लावले आणि मोठ्या खरेदीदारांकडून पौंडामागे थोडी जादा रक्कम मजुरांसाठी करारानेच बांधून घेतली. नियम मोडणाऱ्या मळ्याचा माल हे खरेदीदार घेत नाहीत. तिथे मजूर हा तपासणीचा विषय न राहता तपासनीस होतो. पुनरुज्जीवक प्रमाणपत्राने संघटनेचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. पुढची पायरी म्हणजे काढणीच्या दिवशी, टोळीच्या भाषेत, मुकादमाच्या गैरहजेरीत बोलणी होणे आणि तक्रार केल्याबद्दल काम न गेल्याचा पुरावा मागणे.

सगळा आढावा घेतल्यावर माझे मत असे: पुनरुज्जीवक सेंद्रिय शेती मजुराच्या शरीराचे काही धोके खरोखर कमी करते आणि कायम रोजगाराची शक्यता निर्माण करते. ती शक्यता प्रत्यक्षात येते ती संघटनेमुळे, कायद्यामुळे किंवा परिसराने मिळून उभारलेल्या व्यवस्थेमुळे. डेलानोपासून डी डूर्न्सपर्यंत मजुरीत पडलेली प्रत्येक मोठी भर लढ्यातून आली आहे. म्हणून अशा प्रमाणपत्राचे मूल्यमापन करताना खरेदीदाराने, निर्यातदाराने आणि सरकारने मातीचा अहवाल जरूर पाहावा. त्याच्या शेजारी काढणीच्या आठवड्याचे पगारपत्रक ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. खुडणाऱ्यांपैकी किती जण बागेच्या किंवा संस्थेच्या थेट नोकरीत आहेत, मागच्या हंगामातले किती जण या हंगामात परत आले, आणि वर्षभरात किती तक्रारी नोंदल्या गेल्या? तक्रारींचा आकडा शून्य असेल तर प्रमाणपत्र देण्याआधी आणखी खोलात जावे. जिथे हजारो हात राबतात तिथे एकही तक्रार नाही, याचा अर्थ बहुधा बोलायची सोय नाही असा असतो.